वाहनाची पत कशी ठरवावी?

जालन्याच्या मोंढ्यात एखाद्या पेढीवर नवी मोटारसायकल घेण्याचा विषय निघाला की निर्णयाला पाच मिनिटेही लागत नाहीत. "अमुक कंपनीची घ्या, तमुक कंपनीचे नावही काढू नका," असा निर्वाळा कोणीतरी देतो आणि इतर माना डोलावतात. त्यामागे बहुधा एखाद्या मेहुण्याची किंवा वीस वर्षांपूर्वी विकलेल्या एकाच गाडीची हकिकत असते. अंबड, परतूर, भोकरदनच्या खेड्यांतून बियाण्यांची मागणी आणि उधारीची वसुली करीत फिरणाऱ्यासाठी गाडी ही चैन नव्हे. ऐन पेरणीत ती आडरस्त्यावर बंद पडली तर दिवस बुडतो. म्हणून हा निर्णय ऐकीव गोष्टींवर सोपविणे परवडणारे नाही.

ग्रह किती चिवट असतात, याचे उदाहरण शेजारीच आहे. औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला. त्या काळी बजाज म्हणजे चेतक स्कूटर, हे समीकरण घरोघरी पक्के होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या हीरो होंडाची सीडी १०० दुसऱ्याच वर्षी आली आणि कमी पेट्रोलमध्ये चालणारी गाडी म्हणून नावाजली गेली. बजाजनेही कावासाकीच्या तांत्रिक सहकार्याने मोटारसायकली काढल्या. तरी 'स्कूटरवाली कंपनी' हा शिक्का पुसट व्हायला २००१ मध्ये पल्सर यावी लागली.

उलट दिशेचा धडा पुढे मिळाला. डिसेंबर २०१० मध्ये हीरो आणि होंडा यांनी विभक्त होण्याचे ठरविले आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव हीरो मोटोकॉर्प झाले. होंडाविना गाडी टिकेल काय, ही शंका तेव्हा स्वाभाविक होती. परंतु करारानुसार होंडाच्या तंत्रज्ञानाचा परवाना पुढेही काही वर्षे चालू राहिला. टाकीवरचे नाव बदलले, आतील इंजिन तेच होते. स्प्लेंडरचा खपही देशात अग्रभागी राहिला.

मग न्याय कसा करावा? प्रथम प्रमाण पाहावे. समजा, एका गावात एका कंपनीच्या १०० गाड्या आहेत आणि त्यांतील ५ वारंवार बिघडतात. दुसरीच्या २० असून २ बिघडतात. मेकॅनिककडे पहिलीच्या गाड्या अधिक दिसतील आणि बदनामीही तिचीच होईल. प्रत्यक्षात पहिलीचे प्रमाण शेकडा ५, तर दुसरीचे शेकडा १० आहे.

दुसरे, तुलना समान परिस्थितीत असावी. वेळेवर ऑइल बदललेली दोन वर्षांची गाडी आणि रोज दोन पोती वाहणारी दहा वर्षांची गाडी यांची बरोबरी होत नाही. टायर, ब्रेक लायनर, चेन यांची झीज हा दोष नव्हे, वापराचा खर्च आहे. तिसरे, सबबींचे माप एकच असावे. आवडत्या कंपनीची गाडी बंद पडली की पेट्रोल भेसळीचे ठरते आणि नावडत्या कंपनीची बंद पडली की कंपनीच वाईट ठरते. पूर्वग्रह नेमका येथेच पकडता येतो.

यावर उपाय व्यापाऱ्याच्या हाताखालचाच आहे. प्रत्येक गाडीचे एक खाते उघडावे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, दुरुस्तीचा खर्च आणि गाडीमुळे खोळंबलेले दिवस लिहावेत. दोन वर्षांनी दर किलोमीटरचा खर्च आणि खोळंब्याचे दिवस काढले की वादाला जागा उरत नाही. खात्यात दोष दिसला तर लाडक्या कंपनीलाही सोडावे. न दिसला तर नावडतीलाही तिचे श्रेय द्यावे. भोवतालच्या चार-पाच पेढ्यांनी आपापली खाती ताडून पाहिली तर निष्कर्ष अधिक भरवशाचा होईल, कारण एका गाडीवरून संपूर्ण कंपनीची परीक्षा होत नाही.

बाजारात एखाद्या पेढीविषयी कुजबुज सुरू झाली की तिच्या वह्या न पाहताच देणारे हात आखडता घेतात. अशा अफवेने पिढ्यांची पत कशी ढासळते, हे व्यापारी घरांना कोणी सांगावयास नको. गाडी विकणारा आणि ती दुरुस्त करणारा यांचाही संसार त्याच पतीवर चालतो. जो न्याय आपल्या पेढीला मिळावा असे वाटते, तोच दुसऱ्याच्या मालाला देणे, हा व्यवहार आहे आणि सचोटीही.