धनुष्य वाढत्या मापाचे घेता येत नाही

मुलांचा गणवेश, बूट आणि सायकल ‘वाढत्या अंगाच्या’ मापाने घेण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे आणि तिच्यामागचा हिशेब चुकीचाही नाही, कारण सैल सदऱ्यामुळे मुलाचे काही बिघडत नाही. धनुष्याला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. आवाक्याबाहेरचे धनुष्य ओढणारे मूल प्रत्येक बाणागणिक आपल्या खांद्याला आणि पाठीला चुकीची हालचाल शिकवत असते, आणि अंगवळणी पडलेली अशी हालचाल मोडून काढणे हे ती नव्याने शिकण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे असते. म्हणूनच पहिले धनुष्य हे आजच्या शरीराचे, काही महिन्यांनी बदलावे लागणारे साधन आहे असे धरून चालणे योग्य ठरते.

भारतात स्पर्धात्मक धनुर्विद्येचे मुख्यतः तीन प्रकार खेळले जातात. ‘इंडियन राउंड’ या देशांतर्गत प्रकारात बांबूचे साधे धनुष्य वापरतात. ‘रिकर्व्ह’ या प्रकारात धनुष्याची टोके तिरंदाजापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली असतात. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात उतरला होता. तिसऱ्या ‘कंपाउंड’ प्रकारात टोकांना कॅम नावाची चाके बसवलेली असतात आणि त्यांच्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यानंतर हातावरचा भार एकदम बराच कमी होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या १७व्या वर्षी आणि नागपूरचा ओजस देवतळे असे दोघेही कंपाउंडमध्ये वैयक्तिक विश्वविजेते ठरले आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेशही झाला आहे, त्यामुळे पालकांचा ओढा या प्रकाराकडे असणे स्वाभाविक आहे. तथापि, कंपाउंड धनुष्य किती लांब ओढले जाईल हे कॅमच्या रचनेने ठरलेले असते, आणि मुलाची उंची वाढली की ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते. ‘जेनेसिस’सारखी काही शालेय कंपाउंड धनुष्ये ही अडचण टाळतात, कारण त्यांत ओढीची लांबी निश्चित केलेली नसते, पण भार कमी होण्याचा कंपाउंडचा मुख्य गुणही त्यांत नसतो. ज्या मुलाची आवड अजून ठरायची आहे, त्याच्यासाठी हलके रिकर्व्ह किंवा बांबूचे धनुष्य हीच सुरुवात अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

प्रकार ठरला तरी खरा प्रश्न उरतो तो पौंडांचा. धनुष्याची दोरी पूर्ण ओढून धरण्यासाठी जे बळ लागते ते पौंडांत मोजतात आणि त्याला ‘ड्रॉ वेट’ म्हणतात. दोरी जिथपर्यंत ओढली जाते त्या अंतराला ‘ड्रॉ लेंथ’ म्हणतात. ही दोन मापे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि बहुतेक चुका इथेच होतात. रिकर्व्हच्या पात्यांवर, म्हणजे वाकणाऱ्या ‘लिंब्ज’वर, छापलेला आकडा २८ इंच ओढीसाठीचा असतो, मुलाच्या ओढीसाठीचा नव्हे. मुलाची ओढ अंदाजाने काढायची तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. हे अंतर ५५ इंच असेल तर ओढ सुमारे २२ इंच येते. छापील आकड्यातून दर इंचाला दोन पौंड वजा करावेत असा सर्रास सांगितला जाणारा नियम मोठ्यांच्या, ४० पौंडांच्या आसपासच्या धनुष्यांना बरा लागू पडतो. मुलांच्या हलक्या धनुष्यांत हा फरक इंचाला साधारण एकाच पौंडाचा असतो. म्हणजे २० पौंड छापलेली पाती २२ इंचांवर ओढणाऱ्या मुलाच्या बोटांवर जवळजवळ १४ पौंडांचा भार येतो, आणि नऊ-दहा वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या मुलाला सुरुवातीसाठी तो पुरेसा असतो. किरकोळ अंगकाठीच्या मुलाला १० पौंडही चालतात.

या हिशेबाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. त्याच मुलाचे हात वर्षभरात वाढून ओढ २५ इंचांवर गेली, तर काहीही नवे विकत न घेता तेच धनुष्य १७ पौंडांचे झालेले असते. वाढत्या वयात भार आपोआप वाढतच असतो, त्यामुळे तो आणखी वाढवण्याची घाई करण्याचे कारण नसते. सरावात १०० बाण सोडले आणि प्रत्येक वेळी १७ पौंड ओढले, तर एका दिवसात साडेसातशे किलोंहून अधिक ओझे ओढले जाते. हे ओझे खांद्याच्या व कोपराच्या अशा हाडांवर पडते, ज्यांच्या टोकांशी वाढीचा मऊ कूर्चेचा थर अजून शिल्लक असतो.

धनुष्य जड पडते आहे हे ओळखायला यंत्राची गरज नसते. दोरी ओढताना मूल कमरेतून मागे झुकते, धनुष्य धरलेला खांदा कानाकडे चढतो, दोरी हनुवटीखालच्या ठरलेल्या जागी, ज्याला तिरंदाज ‘अँकर’ म्हणतात तिथे, पोचण्याआधीच सुटते किंवा पोचली तरी क्षणभरही स्थिर राहत नाही. पूर्ण ओढीवर आठ-दहा सेकंद न थरथरता थांबता येईल आणि अर्ध्या तासाच्या सरावानंतरही ओढण्याची ढब बदलणार नाही, तेच धनुष्य त्या मुलाचे. हलक्या धनुष्याचा बाण लांब जात नाही ही पालकांची तक्रार खरी असली तरी अप्रस्तुत आहे. ऑलिंपिकमधील ७० मीटर हे अंतर प्रौढांचे आहे, आणि नवशिक्याला १० ते १८ मीटरवरच्या लक्ष्यावर शिकण्यासारखे बरेच असते.

लांबीच्या बाबतीत नियम उलट दिशेने चालतो. फार आखूड धनुष्याची दोरी पूर्ण ओढीवर तीव्र कोन करते आणि बोटे चिमटली जातात, म्हणून २२ इंचांच्या आसपास ओढ असलेल्या मुलाला साधारण ५८ ते ६२ इंचांचे धनुष्य सोयीचे पडते आणि थोडे लांब असले तरी बिघडत नाही, फक्त मधल्या दांड्याचे वजन डाव्या हाताला पेलले पाहिजे. या मधल्या दांड्याला ‘रायझर’ म्हणतात. सुटे होणारे, म्हणजे रायझर आणि पाती वेगळी करता येणारे धनुष्य घेतल्यास रायझर तसाच ठेवून फक्त पाती बदलता येतात. ‘आयएलएफ’ या प्रमाणित जोडणीचा रायझर असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांची पातीही बसतात. काटकसरीची सवय इथे उपयोगी आणता येते: पैसे रायझरवर खर्च करावेत, पाती मात्र प्रशिक्षकाकडून भाड्याने किंवा एखाद्या मोठ्या झालेल्या तिरंदाजाकडून जुनी घ्यावीत, कारण ती वर्षभरात बदलावीच लागतील.

रायझर घेण्यापूर्वी मुलाचा कोणता डोळा प्रबळ आहे हे पाहणे आवश्यक असते, कारण डावखुऱ्याचा व उजव्याचा रायझर वेगळा असतो आणि एकदा घेतला की बदलता येत नाही. दोन्ही हातांच्या तळव्यांनी छोटी खिडकी करून दूरच्या वस्तूकडे पाहावे आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा डावा डोळा प्रबळ असण्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

बाणाच्या बाबतीत तडजोड करता येत नाही. तो मुलाच्या ओढीपेक्षा निदान दोन इंच लांब असावा, कारण आखूड बाणाचे टोक रायझरच्या मागे घसरले तर सुटलेला बाण थेट पुढच्या हातात घुसू शकतो. बोटांसाठी चामड्याचा टॅब, पुढच्या हाताला आर्म गार्ड आणि दोरी चढवायला स्ट्रिंगर एवढे सामान पहिल्या दिवसापासून लागते. बाण न लावता ओढलेली दोरी सोडू नये, हेही त्याच दिवशी सांगावे, कारण बाणात जायची ऊर्जा पात्यांतच राहून ती तडकू शकतात.

नेम धरण्याची ‘साइट’ आणि धनुष्य स्थिर ठेवणारा ‘स्टॅबिलायझर’ यांची वेळ ढब बसल्यावर येते. पूर्ण ओढ झाल्याचा टिक् असा आवाज करणारी धातूची पट्टी, म्हणजे ‘क्लिकर’, मात्र सर्वांत शेवटी बसवायची असते, कारण तिची जागा मिलिमीटरमध्ये ठरते आणि उंची वाढत असेपर्यंत ती जागा महिनाभरही टिकत नाही.