मुखवट्यात श्वास घेता आला पाहिजे

आज मुखवटा कसा करतात ते सांगणार आहे. त्याआधी एक फजिती सांगतो.

नोकरीत असताना आसाममध्ये पोस्टिंग होतं. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून बोटीनं माजुलीला गेलो. ब्रह्मपुत्रेतलं हे बेट. तिथल्या सामागुरी सत्रात मुखवटे होताना पाहिले. निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीतल्या नाटकासाठी मी तसाच बकासुर केला. भीमाचा गाडाभर भात खाणारा बकासुर नव्हे, कृष्णानं मारलेला बगळ्याच्या रूपातला. दिसायला झकास झाला. पण पाचव्या मिनिटाला त्यातला मुलगा मुखवटा काढून रंगमंचावरच धापा टाकत बसला. चूक माझी होती. मी चेहरा केला, आतल्या माणसाचा विचारच केला नाही.

माजुलीत हा विचार आधी होतो. पंधराव्या-सोळाव्या शतकात श्रीमंत शंकरदेवांनी भक्तीचा प्रसार नाटकांतून केला. त्या नाटकांना भाओना म्हणतात. राक्षस, गरुड, नरसिंह दाखवायला मुखवटे आले. नुसता चेहरा झाकणारा तो मुख मुखा. लोटोकाई मुखा त्याहून मोठा. आणि डोक्यापासून धडापर्यंत पूर्ण अंग झाकणारा तो बर मुखा. घेऊन नाचायचं असतं, म्हणून वजन कमी हवं.

आता कृती. बांबू काही दिवस पाण्यात भिजवतात, म्हणजे कीड लागत नाही. मग बारीक कामट्या काढून षट्कोनी जाळीचा सांगाडा विणतात. आपल्याकडे बुरूड कामट्या काढून देईल. सांगाडा ज्याच्या डोक्यावर बसायचा, त्याच्याच मापानं विणा. डोळ्यांची आणि नाकाखालची भोकं याच वेळी ठरवा. मी ती नंतर पाडली, तिथेच फसलो.

चिकणमाती पाण्यात कालवून त्यात सुती कापड बुडवायचं आणि सांगाड्यावर थरावर थर चढवायचे. वाळलं की माती आणि शेण एकत्र मळून नाक, भुवया, गाल उठवायचे. शेणामुळे माती हलकी राहते आणि तडे कमी जातात. घाई केली तर मात्र तडे जातातच. मी हीटरपुढे ठेवला आणि कपाळ उकललं. सावलीतच वाळवा. मग बांबूच्या पट्टीनं घासून गुळगुळीत करा, वरून पुन्हा पातळ कापड चिकटवा. केस, दाढी-मिशांना ताग चालतो.

शेवटी रंग. जुने कारागीर तांबड्यासाठी हिंगूळ आणि पिवळ्यासाठी हरताळ वापरत. पोथीतली चुकलेली अक्षरं हरताळ लावून झाकत, त्यावरूनच आपला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला. पण हिंगुळात पारा असतो, हरताळात आर्सेनिक. घरी हे वापरू नका. पाण्यात विरघळणारे साधे रंग पुरेत. आधी सगळीकडे एकच रंग द्या, तो वाळल्यावर डोळे आणि दात काढा. मग दहा-पंधरा पावलं मागे जाऊन बघा. जवळून सुंदर दिसणारी बारीक रेघ शेवटच्या रांगेत दिसत नाही.

सामागुरीच्या हेमचंद्र गोस्वामी यांनी मुखवट्यांचे जबडे हलते केले, त्यामुळे पात्र बोलताना तोंड उघडतं. त्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. 2024 साली माजुलीच्या मुखवट्यांना जीआय मानांकन मिळालं. मान मिळाला, पण ब्रह्मपुत्रा बेटाचे काठ दरवर्षी कापते आहे. ज्या काठच्या मातीतून हे चेहरे घडतात, तोच काठ वाहून जातो आहे.

आपल्याकडेही जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे नाचतात. जमलं तर एकदा जाऊन बघा. कारागिराला मुखवटा आतून दाखवायला सांगा. खरी कारागिरी तिथं कळते.

दुसरा बकासुर मी विणला तेव्हा त्याच मुलाला समोर बसवून माप घेतलं. भोकं पडल्यावर त्याला डोक्यावर घालून पायऱ्या चढायला लावल्या. या वेळी नाटक शेवटपर्यंत झालं. बकासुर कृष्णाच्या हातूनच मेला, माझ्या हातून नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.