टमरेल, वाघ आणि गाडगेबाबा

"वाघ मानूस कायच्यावरून वयखते?"

डिसेंबरातली संध्याकाळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या कडेचं एक गाव. मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर पन्नासेक माणसं जमलेली, पोरं अगदी पुढे, आणि कुठल्या तरी घरातून तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास येत होता. बोलणारा गृहस्थ वनखात्यातून निवृत्त झालेला. हातात कागद नाही, माईक नाही, पण आवाज असा की देवळातल्या मारुतीनंही कान टवकारावेत.

कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यानंच दिलं. "उभा हाये म्हनून! दोन पायावर उभा जनावर त्याच्या हिशोबात बसत नाही. पन तुम्ही पहाटे टमरेल घेऊन वावरात गेले, बसले, का त्याच्यासाठी तुम्ही झाले डुक्कर."

मागून एक जण म्हणाला, "आमच्या घरची तं उभ्यालेच डुक्कर म्हनते!"

पार हादरला. बायकांच्या बाजूला तर पदर तोंडात गेले. हसू ओसरायच्या आत त्यानं पुढचा प्रश्न टाकला. "मंग सरकारनं संडास बांधून देल्ला, त्याच्यात काय ठेवलं?" तीन-चार आवाज एकदम आले, "कुटार!" आणि एक बारीक आवाज, "गोवऱ्या बी." "मंग वाघाले सांगून ठेवा," तो म्हणाला, "कुटार सरल्यावर ये म्हना."

मी घरी परतताना मोजत होतो. दहा मिनिटांत त्या माणसानं किती गोष्टी सांगितल्या? वाघ दबा धरून, बहुधा मागून किंवा बाजूनं हल्ला करतो. त्याची नजर भक्ष्याचा आकार पाहते, त्यामुळे वाकलेला, बसलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा वाटू शकतो. पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या फिरण्याच्या वेळा. म्हणून उघड्यावर जाऊ नका, कापूस वेचताना एकट्यानं वाकून राहू नका. हेच सगळं कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवलेलं होतं. त्या कागदासमोर उभं राहून हसणारा मला कुणी दिसला नाही, आणि वाचणाराही.

इथे मला जे नवल वाटतं ते असं. पाठ झालेली गोष्ट समजलेली असेलच असं नाही, हे आपण सगळे शाळेतून शिकून आलो आहोत. पण विनोद कळल्याशिवाय त्यावर मनापासून हसता येत नाही. कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, विनोदावर हसायचं तर संडास, वाघ आणि पहाटेचं टमरेल या तिन्हींचा संबंध डोक्यात आधी लागावा लागतो. म्हणजे हशा ही बोलणाऱ्याला मिळालेली पोच आहे. पेपर तपासायला नको, हात वर करायला नकोत. पन्नास माणसांनी एका क्षणी सही केली.

त्याहून मोठी गंमत दुसरीच आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञानं बाजारात, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात माणसं कशावर हसतात याच्या नोंदी करत वर्षं घालवली. माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे 30 पट चारचौघांत हसतो, असं त्याला आढळलं. आणि बहुतेक हसू विनोदावर नसतंच. "बरं, येतो मग" अशा साध्या वाक्यावर असतं. हसणं हे मुळात माणसांना एकमेकांशी बांधायचं काम करतं. आता पारावरचा प्रसंग पुन्हा पाहा. तिथे प्रत्येकाला वाघाची गोष्ट कळली, शिवाय बाकीच्या एकोणपन्नास जणांनाही ती कळली आहे हेही कळलं. उद्या पहाटे कुणी टमरेल घेऊन निघालाच, तर कोपऱ्यावरचं कुणी तरी म्हणणारच, "काय गा, डुक्कर व्हाले चालला का?" दंडाची पावती फाडायला माणूस नेमायची गरज नाही. टोमणा ती अंमलबजावणी फुकटात करतो.

स्मरणशक्तीच्या अभ्यासातही एक प्रयोग असाच चक्रावून टाकणारा आहे. 2007 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जेम्स नेअर्न आणि सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं, समजा तुम्ही परक्या मुलखातल्या गवताळ माळावर अडकला आहात, अन्नपाणी नाही, आसपास हिंस्र जनावरं आहेत. आता हे शब्द पाहा आणि प्रत्येक गोष्ट जगायला किती उपयोगी पडेल ते ठरवा. नंतर अचानक विचारलं, कुठले शब्द आठवतात? जगण्या-मरण्याच्या नजरेनं पाहिलेले शब्द इतर रीतींनी पाहिलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहिले होते. आपला मेंदू अजूनही त्या माळावर उभा आहे म्हणायचा. पर्ड्यूच्या विद्यार्थ्यांना तो माळ डोळ्यांपुढे आणावा लागला. आमच्या घाटंजी, केळापूर, राळेगाव भागातल्या माणसाला खिडकी उघडली की पुरे.

हसवून शिकवायची ही रीत वऱ्हाडात काल-परवाची नाही. तिचा सगळ्यात मोठा उस्ताद शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगावात 23 फेब्रुवारी 1876 ला जन्मला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. यवतमाळची कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला त्यांचंच नाव आहे, आणि बाबा स्वतः शाळेत गेले नव्हते. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा, जेवायला आणि पाणी प्यायला एकच भांडं, मातीचं गाडगं. आज शहरात लोक 'कमीत कमी वस्तूंत जगणं' शिकायला पैसे भरून वर्गाला बसतात. बाबांचा सगळा संसार एका काखेत मावत होता आणि त्यावर त्यांनी एकही व्याख्यान दिलं नाही. गावात शिरायचे ते थेट रस्ता झाडायला लागायचे. लोकांना वाटायचं, हा कोण वेडा? आणि संध्याकाळी तोच वेडा कीर्तनाला उभा.

कीर्तन तरी कसलं! पूर्वरंग नाही, संस्कृत श्लोकांची रास नाही. प्रश्न विचारायचे आणि समोरच्या हजारो माणसांकडून उत्तर वदवून घ्यायचे. सोपा प्रश्न, एका शब्दाचं उत्तर, मग त्या उत्तराला चिकटलेला दुसरा प्रश्न. हो, हो, हो म्हणत माणसं पुढे जायची आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नाला लक्षात यायचं की आपण आपल्याच नवसाच्या बोकडाविरुद्ध, आपल्याच कर्जाच्या लग्नाविरुद्ध साक्ष देऊन बसलो आहोत. तेव्हा जो हशा उठायचा तो स्वतःवरचा असायचा. वकील ज्याला उलटतपासणी म्हणतात, ते हा निरक्षर परीट टाळ-चिपळ्यांच्या साथीवर करत होता. 8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. त्यानंतर दीड महिन्यात, 20 डिसेंबरला ते गेले. ते मुद्रण ऐकताना कान बाबांच्या आवाजाकडे लावण्याऐवजी लोकांच्या आवाजाकडे लावून पाहा. कीर्तनाचा अर्धा भाग तिकडून येतो.

गंगेत उभं राहून पितरांना पाणी देणाऱ्यांशेजारी बाबांनी आपल्या गावाच्या दिशेनं पाणी उडवायला सुरुवात केली, पितरांपर्यंत पोचतं तर माझ्या वावरापर्यंत का नाही, अशी एक गोष्ट सांगतात. हीच गोष्ट गुरू नानकांचीही सांगतात. चांगला विनोद एका संताच्या नावावर फार काळ थांबत नाही, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

खुद्द यवतमाळचं नाव घ्यायचं तर शंकर बडे. 'पावसानं इचीन कहरच केला' ही त्यांची वऱ्हाडी कविता ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकली, त्यांना ते गेल्यावरही पहिल्या पावसाला ती आठवते. ज्या जिल्ह्याचं नाव बाहेरच्या वर्तमानपत्रात बहुतेक वेळा शेतकरी आत्महत्येच्या बातमीतच येतं, तिथली माणसं पावसानं केलेल्या नासाडीवर मंडपभर हसत होती. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. वाटू दे. तसा आमच्या 'इचीन'चाही अर्थ मला कुणाला सांगता आलेला नाही.

आता पुन्हा रानात. एक विरोधाभास मला फार आवडतो. टिपेश्वरचं रान सुमारे 148 चौरस किलोमीटरचं. त्यात फाटकातून जिप्सीनं शिरलात तर गाईड पहिली गोष्ट सांगतो, तोंड बंद ठेवा. त्याच रानाला लागून असलेल्या गावातला म्हातारा नातवाला सांगतो, तोंड चालू ठेव. दोघांचंही बरोबर. एकाला जनावर दिसायला हवं असतं, दुसऱ्याला दिसायला नको असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं टपटपतात तेव्हा पहाटे बायका वेचायला जातात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. अस्वल खाली मान घालून खाण्यात दंग असतं, माणूसही खाली मान घालून वेचण्यात दंग. दोघं एकमेकांना अचानक सापडले की अस्वल घाबरून अंगावर येतं. यावर सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोठ्यानं बोलणं. गाणं, हाका, एकमेकींची थट्टा, खोट्या-खऱ्या बातम्या. रानातल्या बडबडीला बाहेरचे लोक वेळ घालवणं समजतात. ती घंटा असते.

मागून येणाऱ्या वाघाचं काय? सुंदरबनात 1986 साली यावर एक नाटकी उपाय करून पाहिला. जंगलात जाणाऱ्या मध-लाकूडवाल्यांना रबरी मुखवटे दिले, पण ते चेहऱ्यावर न लावता डोक्यामागे लावायचे. वाघ पाठीमागून यायला निघाला की समोर डोळे वटारलेलं तोंड! सुरुवातीच्या काळात मुखवटा घातलेल्या एकाही माणसाला वाघानं मारलं नाही, न घातलेल्यांचे मात्र जीव जात राहिले. पुढे वाघांना ती चलाखी कळायला लागली असंही म्हणतात. आमच्या पारावर ही गोष्ट निघाली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "आमच्या सरपंचाले दोन तोंडं पैलेपासूनच हायेत." पुन्हा पोच मिळाली.

रात्री जागलीला गेलात तर हे सगळं एका जागी दिसतं. हरभरा, तूर उभी असते, रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, टपलेले असतात. या मचाणावर एक, त्या मचाणावर दुसरा, मध्ये अंधार. दोघं अख्खी रात्र एकमेकांना हाका मारत, टोले हाणत काढतात. झोप पळते, डुक्कर पळतं आणि शेकोटीशी बसलेल्या पोराच्या कानावर कुठल्या ओढ्याला बिबट येतो हे आपोआप पडतं. पॉली विस्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेतल्या कलहारीच्या वाळवंटात जु/होआन्सी लोकांच्या गप्पांची वर्गवारी केली. 2014 साली ती प्रसिद्ध झाली. दिवसाच्या बोलण्यात कामाच्या गोष्टी आणि तक्रारी, गोष्टीवेल्हाळपणा अवघा 6 टक्के. रात्री शेकोटीपाशी तोच 81 टक्के. कलहारी आणि आमचं कळंब यांच्यात समुद्र आहे, पण शेकोटी तीच.

अशा गोष्टी खरंच जीव वाचवतात का? सुमात्राजवळ सिमलू नावाचं बेट आहे. 1907 साली तिथे लाटेनं हाहाकार केला. त्यानंतर लोकांनी त्या लाटेला 'स्मोंग' म्हणत तिच्या गोष्टी केल्या, अंगाईत गुंफल्या: जमीन हलली आणि समुद्र मागे हटला की टेकडीकडे पळा. 26 डिसेंबर 2004 ला भूकंपाचं केंद्र याच बेटाच्या जवळ होतं. बेटावर सुमारे 78,000 माणसं, मेली सात. आजीच्या अंगाईनं काम केलं.

आमच्याकडे अंगाईऐवजी थट्टा आहे, एवढाच फरक. आणि थट्टेला माल रान स्वतः पुरवतं. टिपेश्वरातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. पुढे तो घर सोडून निघाला तो नाले, कपाशी, रस्ते ओलांडत, तेलंगणात डोकावून, डिसेंबरपर्यंत सुमारे 1,300 किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. वाघाला नवा मुलूख, पाणी, भक्ष्य आणि जोडीदार लागतो, म्हणून तो चालतो. त्याच्या वाटेत नेमकी रानाची सलगता तुटली आहे, हे त्यानं आपल्या पायांनी मोजून दाखवलं. पारावरच्या वक्त्यानं हेच असं सांगितलं: "पोरगी पाहाले गेला लेकाचा. पाच महिने चालला, सहा जिल्हे पालथे घातले, आन् तिथं गेला तं तिथं वाघीनच नाही!" लग्न जुळत नसलेल्या पंचविशीच्या शेतकरी पोरांची आख्खी रांग मागे उभी होती. त्यांचा हशा सगळ्यात मोठा होता. ज्ञानगंगेत खरोखरच वाघीण नव्हती.

जाता जाता वऱ्हाडीची एक खुबी. प्रमाण मराठीत 'जा' म्हटलं की हुकूम होतो, 'जाल ना' म्हटलं की विनवणी. वऱ्हाडीत 'जाजो' आहे. पुढे जेव्हा जाशील तेव्हा असं जा, हे सगळं त्या एका 'जो'त. सूचना असते, काळजी असते, आणि बोलणारा तेव्हा सोबत नसेल हेही त्यात कबूल केलेलं असतं. रानाबद्दलचं जवळजवळ सगळं शहाणपण आमच्याकडे याच रूपात येतं.

तर येत्या चैत्रात मोहफुलं पाहायला आमच्याकडे या. एकटे येऊ नका, पहाटे वाकून वेचू नका, आणि पायवाटेनं जाताना गप्प राहू नका. चौघं मिळून जाजो, आन् बोलत बोलत जाजो.