राणा प्लाझा : भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या

ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत 24 एप्रिल 2013 रोजी सकाळी कोसळली. 1,134 माणसं गेली. त्यांत बहुसंख्य शिवणकाम करणाऱ्या तरुण स्त्रिया होत्या.

आदल्या दिवशी खांबांना भेगा पडल्याने इमारत रिकामी केली होती. खालची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी उघडलीच नाहीत. वरच्या पाच कारखान्यांतल्या कामगारांना मात्र पगार कापण्याचा दम देऊन बोलावून घेतलं. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे अवजड जनरेटर सुरू झाले आणि काही क्षणांत सगळं खाली बसलं. ते वरचे मजलेही बेकायदा चढवलेले. याला अपघात म्हणवत नाही.

तेव्हा शिवण कामगाराचं किमान वेतन होतं महिना 3,000 टका. डिसेंबर 2023पासून ते 12,500 आहे.

ढिगाऱ्यात परदेशी ब्रँडची लेबलं सापडली. तीनेक आठवड्यांत ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये ‘अकॉर्ड’ हा सुरक्षा करार झाला. कंपन्यांच्या ऐच्छिक आचारसंहिता कागदावरच राहतात. हा करार कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीचे अहवाल जाहीर होतात आणि करार मोडणाऱ्या ब्रँडला लवादापुढे खेचता येतं. 2023पासून तो पाकिस्तानातही लागू आहे.

‘मेड इन बांगलादेश’ दिसलं म्हणून कपडा परत ठेवू नका. त्यावर लाखो घरांची चूल पेटते. ब्रँडने अकॉर्डवर सही केली आहे का, हे मात्र जरूर विचारा.