हिपो की हिपर? लांबलचक शब्द तोडून वाचा



कुपत होलीमचा कागद हातात आला की त्यावरचे लांबलचक शब्द पाहून आपल्यापैकी पुष्कळजण तो घडी घालून नातवंडांसाठी ठेवून देतात. यातले बरेच शब्द ग्रीक भाषेतून आलेले आहेत. ते तुकडे जोडून बनतात, तेव्हा तुकडे करूनच वाचावेत. परिचारिका म्हणून काम करताना मी हीच पद्धत वापरली.

आधी अर्थाचे तुकडे करा. गास्त्रो-एन्तेरो-लोगिया : गास्त्रो म्हणजे जठर, एन्तेरो म्हणजे आतडी, लोगिया म्हणजे शास्त्र. मधला 'ओ' बहुधा सांध्याचा असतो, तिथे थांबा. मग बोलण्यासाठी आणखी बारीक तोडा : गास-त्रो-एन-ते-रो-लो-गि-या. जोर 'लो'वर द्या. दोनचार वेळा सावकाश म्हटले की जीभ वळते.

आता जपून वाचायची जोडी. हि-पो-ग्लि-के-मि-या आणि हि-पर-ग्लि-के-मि-या. भारतात आपण हायपो, हायपर म्हणत असू. हिपो म्हणजे खाली, हिपर म्हणजे वर. 'ग्लिक' गोडाचा, 'एमिया' रक्ताचा. म्हणजे पहिल्यात रक्तातली साखर कमी, दुसऱ्यात जास्त. हिब्रूत लिहिताना फरक एकाच अक्षराचा : हिपोला वाव, हिपरला रेश. बारीक छपाईत ही दोन अक्षरे सारखीच भासतात आणि मदतीला नेकुदोतही नसतात. म्हणून तिथे बोट ठेवून वाचा.

या एका अक्षरावर उपचार उलटतो. मधुमेह असलेल्याची साखर ७०च्या खाली गेली, घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर अर्धा कप फळांचा रस द्यावा आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी. साखर वाढलेली असताना तोच रस दिला तर ती आणखी वाढेल. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. १०१ला फोन करा.

फोनवर मोठा शब्द आठवला नाही तर अडून राहू नका. कमी असेल तर 'सुकार नमूख', जास्त असेल तर 'सुकार गवोहा' म्हणा आणि यंत्रावरचा आकडा सांगा. डॉक्टरांनी नवा शब्द उच्चारला की तो तोडून पुन्हा सांगायला लावा. विचारण्यात लाज कसली?