शस्त्राचा परवाना आणि बदललेला रहिवास

मुंबईहून हावड्याकडे निघालेली आगगाडी गोंदिया मागे टाकून सालेकसा आणि दरेकसा ही रानातली स्थानके ओलांडते आणि बोरतलाव येते, तेव्हा आपण महाराष्ट्राची हद्द सोडून छत्तीसगडात शिरलो, हे खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. झाडे तीच असतात, डोंगर तेच असतात आणि डोंगरगडच्या बम्लेश्वरीला निघालेले भाविक दोन्हींकडचे असतात. परंतु त्याच डब्यातल्या एखाद्या गृहस्थाच्या पेटीत बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर असेल, आणि त्याच्या परवान्यावर वैधतेचे क्षेत्र म्हणून केवळ ‘महाराष्ट्र राज्य’ एवढेच नमूद असेल, तर दरेकसा आणि बोरतलाव यांच्यामध्ये कोठेतरी त्या परवान्याचे बळ संपते, आणि वर्षानुवर्षे निष्कलंक वागलेला हा इसम, स्वतःला कळण्यापूर्वीच, शर्तभंगाच्या गुन्ह्यास पात्र होतो.

हा प्रसंग मराठी कुटुंबांच्या बाबतीत विशेष संभवनीय आहे, कारण नागपूर आणि रायपूर यांच्यामध्ये परकेपणाची रेषा आपल्या मनाने कधी मानलीच नाही. छत्तीसगड हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. १८५४ साली ते राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपूरच्या वकिलाला, मालगुजाराला वा कारकुनाला राजधानीचे काम पडले म्हणजे तो नागपुरासच येत असे. रायपुरातला तात्यापारा, १९३५ पासून चालत आलेले तेथले महाराष्ट्र मंडळ, आणि माधवराव सप्र्यांसारख्या मराठी माणसाने त्या भूमीत हिंदी पत्रकारितेचा घातलेला पाया, ही सगळी त्या एकत्र संसाराची चिन्हे होत. त्या काळी प्रांतभर वैध असलेला परवाना वर्धेला जसा चाले तसा रायपुरासही चाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि रायपूर भोपाळच्या कारभाराखाली आले. बरोबर चव्वेचाळीस वर्षांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड वेगळे होऊन रायपूर स्वतःच राजधानी झाले. माणसांचे येणे-जाणे मात्र थांबले नाही. बदली होऊन येणारे बँकेतले अधिकारी, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आधाराने स्थिरावलेले व्यावसायिक, मुलाकडे राहावयास आलेले निवृत्त वडील, अशा अनेकांच्या सामानात जुन्या मालगुजारीतून वारशाने आलेली बारा बोअरची बंदूक किंवा एखादे पिस्तूल असते, आणि नव्या राज्यात आल्यावर त्याचे काय करावे, हे त्यांना सांगणारा कोणी भेटत नाही.

परवान्याच्या या बंधनामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातले एक पान रायपूरचेच आहे. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी दिले गेले. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, तेथल्या तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंह यांनी सार्जंट मेजर सिडवेल याला ठार केले. आणि २२ जानेवारीला सतरा शिपायांना देहदंड झाला. अशा उठावांनी हादरलेल्या सरकारने देशभर नि:शस्त्रीकरणाचे धोरण अवलंबिले, आणि लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्र-कायदा आला, ज्यात युरोपीयांना सूट होती आणि ‘नेटिव्हां’ना परवान्याची सक्ती होती. हा भेद भारतीयांच्या मनात किती सलत होता, याचे प्रमाण म्हणजे १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याने वर्णभेद नाहीसा केला, पण परवान्याची अट कायम ठेवली; संविधानातही शस्त्राचा हक्क मूलभूत म्हणून आला नाही, आणि बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची २०२३ साली स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी असलेला हाच फरक पुन्हा स्पष्ट केला.

अमेरिकेचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण चित्रपट आणि परदेशस्थ नातलग यांच्यामुळे तिकडच्या कल्पना आपल्याकडे नकळत येतात. तेथे प्रत्येक घटक-राज्याचा पिस्तुलाविषयीचा कायदाच निराळा असतो. एका राज्यात कमरेला शस्त्र लावून हिंडणे निर्वेध, तर शेजारच्या राज्यात तोच अपराध, असे घडते. आपल्याकडे शस्त्रे हा केंद्राच्या सूचीतला विषय असल्यामुळे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कायदा एकच आहे. मात्र कायदा एक असला तरी परवाना देणारा हात स्थानिक आहे. जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्त, अन्यत्र जिल्हादंडाधिकारी, अशी ही वाटणी आहे. नागपूर शहरातला परवाना पोलीस आयुक्तांच्या सहीचा असतो. रायपुरात हे काम पूर्वापार कलेक्टर कचेरीतील शस्त्र शाखेकडे राहिले, परंतु २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी मुख्यमंत्र्यांनी तेथेही आयुक्तालयाची घोषणा केलेली असल्यामुळे, आपला पत्ता ज्या ठाण्याच्या हद्दीत येतो त्या ठाण्यातच अधिकार कोणाकडे आहे हे प्रथम विचारून घेणे शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. परवाना हातात घेऊन त्यावरच्या तीन गोष्टी वाचाव्यात: वैधतेचे क्षेत्र, मुदत, आणि राष्ट्रीय नोंदवहीतला एकमेव क्रमांक, ज्याला सर्वजण ‘यूआयएन’ म्हणतात. क्षेत्र जिल्ह्यापुरते, राज्यापुरते किंवा संपूर्ण भारतापुरते असू शकते. संपूर्ण भारताचा शेरा असेल तर शस्त्र सोबत आणण्यास अडचण नाही. नसेल तर शस्त्र आणूच नये. ते जुन्या गावीच परवानाधारक शस्त्र-विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात रीतसर जमा करावे, पावती घ्यावी, आणि कागद घेऊन रायपूरला यावे. या बाबतीत मी तडजोड सुचवू शकत नाही, कारण शर्तभंगाला कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि परवानाच निष्प्रभ ठरून बिनपरवाना बाळगल्याचा आरोप आला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे. मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षांवर गेली. आणि ज्या जुन्या पुस्तिकेवर यूआयएन नाही ती २९ जून २०२० पासून अवैध मानली गेली आहे. आजोबांच्या कपाटात जपलेले कातडी वेष्टनाचे पुस्तक आणि त्यावरचे जुने शिक्के कितीही अस्सल असले, तरी त्या एका क्रमांकावाचून ते आज परवाना नव्हे.

रहिवास बदलल्यावर तीस दिवसांच्या आत दोन ठिकाणी लेखी कळवावे लागते: ज्याने परवाना दिला किंवा शेवटचे नूतनीकरण केले त्या जुन्या अधिकाऱ्याला, आणि नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला. नवा अधिकारी मागणी करील तेव्हा परवाना व शस्त्र हजर करून नवा पत्ता नोंदवून घ्यावयाचा असतो. बहुतेकांची चूक येथेच होते. ते जुन्या कचेरीला कळवितात आणि आपले कर्तव्य संपले असे समजतात, किंवा उलटपक्षी रायपूरच्या कचेरीत अर्ज टाकतात आणि जुन्या कचेरीला विसरतात. मग नवी कचेरी जुनीकडे खातरजमा आणि नाहरकत मागते, जुनी कचेरी मूळ नस्ती शोधीत बसते, आणि दोन दफ्तरांच्या मध्ये महिने निघून जातात. तेव्हा घर हलविण्यापूर्वीच जुन्या कचेरीत अर्ज देऊन, आवक क्रमांकासह पोच घेऊन ठेवावी. नव्या पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, वीजदेयक किंवा बदलीचा हुकूम, त्याबरोबर शस्त्र व काडतुसे खरेदीच्या पावत्या आणि जमा केल्याची पावती, एवढा संच सिद्ध असला म्हणजे पुढचे काम बरेच सुकर होते.

त्यानंतर ठाण्याची चौकशी येते. शेजारी विचारले जातात, घर पाहिले जाते, कुलूपबंद कपाटाची सोय आहे की नाही हे पाहिले जाते, पूर्वीचे गुन्हे आहेत काय याची तपासणी होते. अनेक सुशिक्षित माणसांना ही चौकशी मानहानी वाटते: मी तीस वर्षे परवाना बाळगला, माझ्याविरुद्ध एक तक्रार नाही, मग पुन्हा माझ्या चालचलनाचा दाखला कशाला? मला त्यांच्या व्यथेविषयी आदर आहे, तरीही माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे. शस्त्राचा परवाना हा वाहन चालविण्याच्या परवान्यासारखा कौशल्याचा दाखला नव्हे; तो एका व्यक्तीवर टाकलेला विश्वास आहे, आणि विश्वास हा ओळखीवर उभा असतो. नागपूरच्या धंतोलीत ज्याला ठाणेदारापासून दूधवाल्यापर्यंत सगळे जाणतात, त्याला रायपूरच्या नव्या वसाहतीत समोरच्या घरातला मनुष्यही ओळखत नाही. त्याच्या घरात भांडण होते काय, कोणी व्यसनी आहे काय, मुले कपाटापर्यंत पोचतात काय, हे प्रश्न त्या नव्या शेजाऱ्यांच्या जिवाशी निगडित आहेत, आणि त्यांच्या वतीने ते विचारण्याचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे. ज्या राज्याच्या दक्षिण भागाने दशकानुदशके नक्षल हिंसाचार आणि लुटलेली शस्त्रे पाहिली, तेथल्या कचेरीने अधिक बारकाईने पाहिले, तर त्यात मला आक्षेपार्ह काही दिसत नाही. आक्षेप घ्यावयाचा तो दिरंगाईवर. आणि तो मी मनापासून घेतो. ठाण्याचा अहवाल तीस दिवसांत यावा अशी अपेक्षा नियमांत असताना प्रामाणिक अर्जदाराला वारंवार खेटे घालावे लागले, तर कायदा पाळणाऱ्यालाच शिक्षा झाल्यासारखे होते, आणि लोक कळविण्यापेक्षा गप्प बसणे पसंत करू लागतात.

ज्याच्याकडे परवाना नाहीच, आणि रायपुरात येऊन पिस्तूल घ्यावेसे वाटते, त्याची वाट निराळी आणि अधिक कठीण आहे. कायद्याच्या १३व्या कलमात एक महत्त्वाचा भेद आहे. वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, तर तिच्याविषयी कायदा तुलनेने उदार आहे. परंतु पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, जे खिशात लपते, ते मागणाऱ्याने सबळ कारण दाखविले पाहिजे. जिवाला गंभीर आणि नजीकचा धोका, दूरच्या अशांत भागातला रहिवास, नेमबाजीतली खरी निष्ठा, सैन्यदलातली सेवा, अशा स्वरूपाची ती कारणे असतात. वय एकवीस पूर्ण असावे लागते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. नऊ मिलिमीटरसारखे निषिद्ध बोअर जिल्ह्याच्या अधिकारातच नाही. तो विषय दिल्लीच्या गृहमंत्रालयाचा. आणि एका व्यक्तीस दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे ठेवता येत नाहीत, पूर्वी ही मर्यादा तीन होती. शेजाऱ्याने घेतले म्हणून, किंवा लग्नाच्या वरातीत मिरविण्यासाठी म्हणून कोणी अर्ज करीत असेल तर त्याने तो करू नये. वरातीत हर्षाने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र अपराध आहे, आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

नवख्या माणसाला आणखी एक अनुभव येतो तो निवडणुकीच्या काळात. आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचे फर्मान येते, आणि ज्याची ओळख नाही त्याला ते स्वतःविषयीच्या संशयाचे वाटते. वस्तुतः जिल्ह्यातली छाननी समिती कोणाचे शस्त्र जमा करणे जरूर आहे हे ठरविते, आणि बँकेच्या पहारेकऱ्यांसारख्यांना सवलत मिळू शकते. जमा करताना शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती पावतीवर लिहून घ्यावी. मालखान्यात महिनाभर राहिलेल्या रिव्हॉल्व्हरला गंज चढला, तर पुढे वाद घालण्यास तोच एक कागद उपयोगी पडतो.

सर्वांत नाजूक प्रसंग वारसांचा. वडील नागपुरात वारले, मुलगा रायपुरात राहतो, आणि कपाटात वडिलांचे रिव्हॉल्व्हर आहे. परवाना मृत व्यक्तीबरोबर संपलेला असतो. तो वारशाने मिळत नाही. मुलाने ते शस्त्र सद्भावनेने जरी रायपूरला नेले, तरी ते बिनपरवाना बाळगणेच होय. शोकाच्या दिवसांतही प्रथम नागपुरातच ते जमा करावे, मग इतर वारसांच्या संमतीपत्रांसह आपल्या रहिवासाच्या जिल्ह्यात स्वतःच्या नावे अर्ज करावा. वडील हयात असतानाच, त्यांना सत्तर वर्षे झाली असतील किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्यांच्या ताब्यात असेल, तर वारसाच्या नावे परवाना मागण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. तिचा लाभ फार थोडी कुटुंबे घेतात.

अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागावीत. लोकहिताच्या विशिष्ट प्रसंगी ती रोखता येतात, एरवी ती देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हुकूम जिल्हादंडाधिकाऱ्याचा असेल तर तीस दिवसांच्या आत रायपूरच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते, पोलीस आयुक्तांचा असेल तर राज्य शासनाकडे; आणि अपील चालू असेपर्यंत शस्त्र विक्रेत्याच्या किंवा ठाण्याच्या ताब्यातच राहू द्यावे, पावती मात्र आपल्याजवळ ठेवावी.