क्षमा मिळाली, मग उमेदवारी का नाही?

निवडणुका जवळ आल्या की धर्मग्रामात एक प्रश्न हमखास विचारला जातो : शिक्षा भोगून आलेल्या माणसास आपण ख्रिस्ती क्षमा करतो, तर त्याच्या उमेदवारीस आडकाठी का असावी?

प्रथम कायदा पाहू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८ नुसार दोन वर्षे वा अधिक कारावासाची शिक्षा झालेली व्यक्ती दोषी ठरल्या दिवसापासून अपात्र होते व सुटकेनंतरही सहा वर्षे अपात्र राहते. पूर्वी खासदार-आमदार तीन महिन्यांत अपील करून आपले पद राखू शकत. ज्येष्ठ वकील लिली थॉमस यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी ती सवलत रद्द केली. केवळ खटला प्रलंबित असलेल्यास मात्र उभे राहता येते, आणि ते योग्यच आहे. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. त्याचे प्रतिज्ञापत्र मतदारांनी वाचावे. (आपल्यापैकी किती जण ते वाचतात?)

आता क्षमेविषयी. ख्रिस्तसभेचा विधिनियम १०४१ येथे बोलका आहे. हेतुपुरस्सर मनुष्यहत्या केलेल्यास प्रायश्चित्त संस्कारात पापक्षमा मिळू शकते. तरीही त्यास गुरुदीक्षा घेता येत नाही, आणि त्यातून सूट देण्याचा अधिकार रोमच्या धर्मपीठाने स्वतःकडे राखला आहे. म्हणजे क्षमा आणि पद या ख्रिस्तसभेने कधीच एक मानलेल्या नाहीत. म्हणून सहा वर्षांची अट आम्हांस जाचक वाटत नाही. आजन्म बंदीची मागणी मात्र पटत नाही. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले (लूक १९:८). मत मागण्यास दारी आलेल्या अशा उमेदवारास ‘तुम्ही काय परत केले?’ असे विचारण्यास हरकत नसावी.